चाळीस दिवसांचा उपास

'तुमच्यातही उपास असतात का हो?' असं ख्रिस्ती बाईला शेजारणी हमखास विचारतात. असतात तर! एक-दोन नव्हे, चांगले चाळीस दिवस. कुणी त्याला लेंट म्हणतं, कुणी उपवासकाळ, कुणी प्रायश्चित्तकाळ. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण.

सुरुवात राखेच्या बुधवारी होते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि फादर ती कपाळाला लावतात. देह शेवटी मातीचाच, एवढं ध्यानात राहावं म्हणून. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो, त्यामुळे तारीख दरवर्षी बदलते. २०२४ मध्ये हा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला. व्हॅलेंटाइन डेला कपाळावर राख! कॅलेंडरवर मोजलंत तर ईस्टरपर्यंत ४६ दिवस भरतील. मधले सहा रविवार धरायचे नसतात, कारण रविवार पुनरुत्थानाचा.

कॅथलिकांत सक्तीचा उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १८ ते ५९ वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवायचं, आणखी दोनदा थोडंसं. त्या दिवशी मटण-चिकन बंद. बरीच घरं लेंटच्या सगळ्याच शुक्रवारी ते टाळतात. मासे चालतात. आता वसईसारख्या गावात मासे चालतात म्हटल्यावर राहिलं काय? पापलेटचं कालवण चापून उपास पाळला म्हणायचं, म्हणजे 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत नियम इतके बांधलेले नाहीत, ज्याचं त्याने ठरवायचं.

आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना उपासाची सक्ती नाही. हे मुद्दाम सांगते, कारण लोक काय म्हणतील म्हणून पोट मारणाऱ्या आपल्यात कमी नाहीत. उपास दिसू देऊ नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, असं तर येशूनेच सांगितलंय. गंमत म्हणजे कपाळाला राख लागते त्याच दिवशी चर्चमध्ये हे वाचतात.

प्रार्थना, उपास आणि दानधर्म ही तिन्ही एकत्र धरायची असतात. मटणाचे वाचलेले पैसे डब्यात टाकायचे आणि अडलेल्याला द्यायचे. ते आपल्याच घरात ईस्टरच्या पक्वान्नांवर गेले तर ती नुसती बचत.

बरेच पुरुष या दिवसांत दारू सोडतात. घर शांत असतं, मुलं संध्याकाळी बापाजवळ बसतात, बाईच्या हाती चार पैसे उरतात. मग ईस्टरच्या दुपारी पुन्हा बाटली उघडते. म्हणजे सोडता येत नाही, ही सबब तरी आता चालायची नाही. चाळीस दिवस जमलं ते सोमवारपासून का जमू नये, हे बायकोने सरळ विचारावं. तेही ईस्टरच्या दिवशी नको, आदल्या आठवड्यातच, घरात शांतता आहे तोवर.