वेस्ताच्या अग्नीची राखण

रोमन फोरममधल्या वेस्ताच्या गोल मंदिरात देवीची मूर्तीच नव्हती. चुलीची ही देवता अग्नीच्या रूपाने तिथे नांदायची. तो विझणं म्हणजे रोमवर संकट!

राखणीला ६ कुमारिका असत. ६ ते १० वर्षांच्या मुलींतून निवड होई, मग ३० वर्षं ब्रह्मचर्य. अग्नी विझला तर मुख्य पुरोहित चाबकाने फोडून काढी. ब्रह्मचर्य मोडलं तर जिवंत गाडत. कोवळ्या मुलींवर लादलेलं हे ओझं क्रूरच होतं. मात्र वडील हयात असतानाही मृत्युपत्र करण्याचा दुर्मीळ अधिकार त्यांना होता.

जूनमधल्या वेस्ताच्या सणाला जात्याची गाढवंही सुटी उपभोगत, गळ्यात पावांच्या माळा घालून.

इ. स. ३९१मध्ये सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली. त्यानंतर काही वर्षांतच कुमारिकांची ही संस्था बंद पडली.