लाइट गेल्यावर गाणं कुणी सांभाळायचं?

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्याकडची लाइट तासाभरात चार वेळा गेली-आली. चौथ्यांदा आली तेव्हा पंखे फिरले, फ्रीज घुरघुरला, पण फडताळातला पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक काही उठेना. घरातलं सगळं गाणं वाजवायचा तो. सीडींवरून उतरवलेलं, शिवाय वडिलांच्या कॅसेटी एकेक बाजू वाजवत संगणकात घेतलेल्या. गाणी वेगळ्या हार्ड डिस्कवर होती म्हणून वाचली. गेली ती मायक्रो एसडी कार्डावरची ऑपरेटिंग सिस्टीम. आता नवी कुठली घालायची?

आवाजाच्या शौकिनांना विचारलं की पहिलं उत्तर मिळतं ते नादाचं. अमुक सिस्टीमवर सतार मोकळी वाजते, तमुकवर कोंदटते. जरा हिशेब मांडू. सीडीवरचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावीकडचा आणि उजवीकडचा वेगळा. सेकंदाला साधारण १४ लाख ११ हजार बिट झाले. जुन्या यूएसबी २.० जोडणीची कमाल क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिटांची. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा संगणकही हे काम पेंगत पेंगत करील. शिवाय तो आकडे थोडे आधीच भरून ठेवतो. गच्चीवरच्या टाकीसारखं हे. नगरपालिकेचं पाणी आचके देत आलं तरी टाकीखालच्या नळाची धार सलग राहते. आकड्यांचा आवाज करणारा डॅक नावाचा डबा असतो. आजचे बहुतेक यूएसबी डॅक हे पाणी स्वतःच्या घड्याळाच्या तालावर ओढून घेतात. टाकी रिकामी पडू द्यायची नाही, एवढंच ऑपरेटिंग सिस्टीमचं काम.

एक गोष्ट मात्र खरी. रोजच्या वापराच्या संगणकाला गाणं, व्हिडिओ, मेल आल्याची टिंग असे सगळे आवाज एकत्र कालवावे लागतात. त्यासाठी तो बहुधा सगळ्यांना सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या मापात बसवतो. ४४,१०० आणि ४८,००० यांचं गुणोत्तर १४७ ला १६०, म्हणजे प्रत्येक १४७ नमुन्यांच्या जागी १६० नवे घडवायचे. चांगलं गणित वापरलं तर हा फरक कानाला कळणं कठीण, तरी मूळ आकडे बदलले ते बदललेच. विंडोजवर एकाच प्रोग्रामला डॅकचा पूर्ण ताबा देता येतो आणि लिनक्सवर कालवण्याची पायरीच गाळता येते. दोन्हीकडून बाहेर पडणारे आकडे मग हुबेहूब सारखे. नादाचा वाद माझ्यापुरता इथे मिटला.

माझा संगणक मेला तो वेगळ्याच कारणाने. ऑपरेटिंग सिस्टीम स्वस्थ बसत नाही, गाणं चालू असतानाही दर थोड्या वेळाने कार्डावर काहीबाही नोंदी लिहीत असते. मायक्रो एसडी कार्डाच्या आतला नियंत्रकही माहिती इकडून तिकडे हलवत असतो. नेमकी त्या क्षणी लाइट गेली तर अर्धवट लिहिलेलं तर जातंच, कधी कधी आधीचं शाबूत असलेलंही जातं. हिशेबाची वही लिहिता लिहिता कुणी ओढून घेतल्यासारखं.

म्हणून मी निवडली ती पिकोअरप्लेअर. टायनी कोअर या चिमुकल्या लिनक्सवर ती उभी आहे. सुरू होताना स्वतःला संपूर्ण मेमरीत चढवते आणि नंतर कार्डाला जवळजवळ हात लावत नाही. सरळ प्लग उपटला तरी कार्डावर अर्धवट काही राहत नाही. त्रास एकच, सेटिंग बदलल्यावर ते आठवणीने जतन करावं लागतं, नाहीतर पुढच्या वेळी जैसे थे. घरी इन्व्हर्टर असेल तर व्हॉल्युमिओ किंवा मूड अधिक सोयीची, फोनवरून सगळं चालतं. त्या दोन्हींच्या पोटात गाणं वाजवण्याचं काम २००३ पासून चालत आलेला एमपीडी हा प्रोग्रामच करतो.

जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर विंडोज राहू द्यायला हरकत नाही, असं पूर्वी मी सांगायचो. आता नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय अपडेट झाल्यावर मध्यरात्री परत सुरू होऊन पासवर्डची वाट पाहत बसणारा संगणक पहाटे भूपाळी काय लावणार? विजेचंही पाहा. ५ वॅटचा छोटा संगणक वर्षभर अखंड चालला तर ४४ युनिट खातो, ६० वॅटचा जुना डेस्कटॉप ५२६.

विंडोजवरून लिनक्सवर येणाऱ्यांना एक ठेच हमखास लागते. लिनक्सला इंग्रजी अक्षरांची लहान-मोठी लिपी वेगळी वाटते. फोल्डरचं नाव मोठ्या अक्षराने आणि गाण्यांच्या यादीत लहान अक्षराने असेल, तर विंडोज चालवून घेतं, लिनक्स ‘फाइल नाही’ म्हणतं. माझ्या निम्म्या याद्या अशाच मुक्या झाल्या होत्या. दोन रविवार त्यात गेले.

डिस्कवरची माहिती मुकाट्याने सडते, तिच्यासाठी झेडएफएस ही रचना उत्तम. प्रत्येक तुकड्याची पडताळणीची खूण ती जपते, पण बिघडलेला तुकडा दुरुस्त करायला तिलाही दुसरी प्रत लागते. पाचशे जीबी गाण्यांसाठी हा थाट मला जास्तीचा वाटला. माझी दुसरी प्रत बहिणीकडे साताऱ्याला असते. दर दिवाळीला भाऊबीजेला जाताना नवी डिस्क नेतो आणि जुनी घेऊन येतो.