हरलेली विधेयके वाया जात नाहीत : मेरी रॉबिन्सन यांची आयरिश सिनेटमधील वीस वर्षे

निवडणूक झाली की वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. "आपला एकटा माणूस सभागृहात जाऊन करणार काय? हात वर केले की संख्या त्यांचीच." या बोलण्यात निराशा आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे, म्हणून आम्ही ती खोटी म्हणत नाही. पण एकट्या सदस्याने सभागृहात नेमके काय करता येते, हे पाहायचे असेल तर आयर्लंडच्या एका सिनेटरची वीस वर्षांची कारकीर्द अभ्यासण्यासारखी आहे. त्या म्हणजे मेरी रॉबिन्सन. पुढे त्या आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, म्हणून जगाला माहीत आहेत. आम्हाला इथे त्याआधीची, १९६९ ते १९८९ ही वर्षे महत्त्वाची वाटतात.

आधी हे सभागृह समजून घेऊ. आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाला शॅनड म्हणतात. त्यात ६० सदस्य असतात. ४३ जण पाच व्यावसायिक गटांतून येतात आणि त्यांना खासदार, मावळते सिनेटर व स्थानिक नगरसेवक निवडून देतात. ११ जणांना पंतप्रधान नेमतात आणि ६ जागा पदवीधरांच्या असतात. हे सभागृह कायदा कायमचा अडवू शकत नाही, फार तर ९० दिवस लांबवू शकते. आपल्या राज्यसभेतील १२ नामनियुक्त सदस्यांची कल्पना घटनाकारांनी याच १९३७ च्या आयरिश राज्यघटनेवरून घेतली. राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वेही तिथूनच आली.

रॉबिन्सन यांचा जन्म १९४४ चा, मेयो परगण्यातील बॅलिना गावचा. घर डॉक्टरांचे, कॅथलिक आणि खाऊन-पिऊन सुखी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि नंतर हार्वर्डला त्यांनी कायदा शिकला. २५ व्या वर्षी, १९६९ साली, त्या ट्रिनिटीच्या पदवीधरांच्या जागेवरून अपक्ष म्हणून सिनेटमध्ये गेल्या. तोवर या जागा बहुतेक वयस्कर पुरुष प्राध्यापकांकडे जात असत.

मांडूही न दिलेले विधेयक

त्या काळात आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने गर्भनिरोधक साधने विकण्यास आणि आयात करण्यास बंदी होती. गोळ्या मिळत, पण 'मासिक पाळी नियमित करण्याचे औषध' या नावाखाली. म्हणजे ज्या बाईला चांगला डॉक्टर गाठता येई तिची सोय होई. गरीब बाईच्या वाट्याला बाळंतपणे येत. रॉबिन्सन यांनी जॉन हॉर्गन आणि ट्रेव्हर वेस्ट या दोन सिनेटरांसह १९७१ मध्ये हा कायदा बदलण्याचे विधेयक आणले.

पहिले वाचन म्हणजे विधेयक मांडण्याची नुसती परवानगी. सिनेटने तीही नाकारली. त्यामुळे विधेयक छापलेही गेले नाही आणि त्यावर खरी चर्चाही झाली नाही. सभागृहाबाहेर चर्चच्या व्यासपीठांवरून विरोध झाला, रॉबिन्सन यांच्या घरी द्वेषाने भरलेली पत्रे आली. त्यांनी विषय सोडला नाही, पुन्हा विधेयक आणले.

पुढे काय झाले ते क्रमाने पाहू. डिसेंबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित जोडप्याचा खासगीपणाचा हक्क मान्य केला आणि आयातीवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. १९७४ मध्ये सरकारने स्वतःचे विधेयक आणले, तेव्हा खुद्द पंतप्रधान लिअम कॉसग्रेव्ह यांनी त्याविरुद्ध मत दिले आणि ते पडले. १९७९ च्या कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साधने मिळण्याची सोय झाली. १९८५ मध्ये १८ वर्षांवरील कोणालाही चिठ्ठीशिवाय कंडोम घेता येऊ लागले. ज्या विषयाला १९७१ मध्ये सभागृहाचे दार बंद होते, तो चौदा वर्षांत सरकारी कायदा झाला.

हे वाचताना आपल्याला १९३८ सालची मुंबई विधानसभा आठवली पाहिजे. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव मोठ्या फरकाने पडला. पण त्यातील युक्तिवाद छापील कामकाजात राहिला आणि म्हणूनच आज आपण तो वाचू शकतो.

सभागृह आणि न्यायालय, दोन्हीकडे

रॉबिन्सन वकील होत्या. जे सभागृहात अडले ते त्यांनी न्यायालयात नेले. १९२७ च्या कायद्यामुळे ज्युरीत स्त्रिया जवळजवळ नसत आणि मालमत्ता नसलेल्यांनाही जागा नव्हती. दोन महिला कार्यकर्त्यांच्या वतीने त्या या कायद्याविरुद्ध लढल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि १९७६ मध्ये नवा ज्युरी कायदा झाला.

कॉर्कमधील एका गरीब स्त्रीला हिंसक नवऱ्यापासून कायदेशीर विभक्त व्हायचे होते, पण वकिलाचे पैसे नव्हते. रॉबिन्सन यांनी तिची बाजू स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात मांडली. १९७९ मध्ये निकाल लागला. न्यायालयाचा दरवाजा कागदावर उघडा असून चालत नाही, गरिबाला आत जाता आले पाहिजे, असा त्याचा अर्थ. त्यानंतर आयर्लंडमध्ये दिवाणी दाव्यांसाठी सरकारी कायदा-मदत सुरू झाली.

लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांना पोटगी आणि वारसा मिळावा म्हणून त्यांनी १९७४ मध्ये विधेयक आणले. 'अनौरस' हा कायदेशीर शिक्का पुसला जायला १९८७ उजाडले. घटनेतील घटस्फोटबंदी उठवावी, ही त्यांची भूमिका १९८६ च्या सार्वमतात हरली आणि १९९५ मध्ये अगदी निसटत्या मतांनी जिंकली. गर्भपातावरील बंदी घटनेत घालणाऱ्या १९८३ च्या दुरुस्तीला त्यांनी विरोध केला. लोकांनी ती दुरुस्ती स्वीकारली आणि पस्तीस वर्षांनी, २०१८ मध्ये, लोकांनीच ती रद्द केली. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध डेव्हिड नॉरिस यांचा खटला त्यांनी लढवला. १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला तो जिंकला. १९९३ मध्ये तो कायदा संपवणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही झाली ती रॉबिन्सन यांचीच.

त्यांचे विषय फक्त स्त्रियांचे नव्हते. डब्लिनच्या वूड की येथे व्हायकिंगकालीन वस्तीचे अवशेष सापडले आणि महापालिका तिथे कचेऱ्या बांधायला निघाली, तेव्हा त्या बचाव मोहिमेत होत्या. १९८५ च्या ब्रिटिश-आयरिश कराराच्या वेळी तर त्यांनी मजूर पक्षच सोडला. करार करताना उत्तर आयर्लंडमधील युनियनवाद्यांना विचारले नाही, हा त्यांचा आक्षेप होता. जे आपल्या बाजूचे नाहीत त्यांच्याही संमतीसाठी पक्ष सोडणे सोपे नसते.

तोंड उघडण्याचे स्वातंत्र्य कुठून येते?

रॉबिन्सन यांच्या धैर्याबरोबर त्यांच्या जागेचाही विचार केला पाहिजे. चर्चला घाबरणाऱ्या मतदारसंघातून त्या निवडून आलेल्या नव्हत्या. पक्षाच्या तिकिटावर त्यांची सुरुवात झाली नव्हती. प्रतिनिधी कोणाच्या मतांवर आणि कोणाच्या मर्जीवर निवडून येतो, त्यावर तो सभागृहात किती बोलणार हे ठरते. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी करताना बाबासाहेब हेच सांगत होते आणि पुणे करारानंतर आपण त्याची किंमत मोजत आलो आहोत.

अर्थात, पदवीधरांच्या जागेत अन्यायही आहे. पदवी नसलेल्याला तिथे मत नाही, आणि आयर्लंडमध्ये तर दोनच विद्यापीठांच्या पदवीधरांना ते होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली.

आपल्या विधान परिषदेतही ७ जागा पदवीधरांच्या आहेत. आज आपल्या समाजात पदवीधर मुलामुलींची संख्या मोठी आहे, पण या मतदारयादीत नाव किती जणांचे? ही यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने होते. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्यांनी नमुना १८ चा अर्ज स्वतः भरावा लागतो. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे ते आपोआप येत नाही. आम्ही वस्तीपातळीवर काम करणारे कार्यकर्ते एवढे तरी नक्की करू शकतो.

आपला थेट संबंध

१९९७ ते २००२ रॉबिन्सन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त होत्या. २००१ मध्ये दरबानला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली, तिच्या त्या महासचिव होत्या. दलित संघटना जातीचा प्रश्न घेऊन तिथे गेल्या. जात म्हणजे वंश नव्हे, असे म्हणून भारत सरकारने विरोध केला आणि अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. म्हणजे आपण तिथेही हरलो. पण पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारित भेदभावात जातीचा समावेश होतो, असे लेखी स्पष्ट केले.

बाबासाहेब १९५२ मध्ये लोकसभेची निवडणूक हरले आणि राज्यसभेत गेले. त्याआधी हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले होते. त्याच बिलाचे भाग पुढे १९५५-५६ मध्ये कायदे झाले. म्हणून आपल्या प्रतिनिधीला "किती मते मिळाली?" एवढेच विचारून थांबू नये. त्याने कोणता प्रश्न मांडला, कोणते विधेयक आणले, कामकाजात काय नोंदवले, हे वर्षातून एकदा तरी मागून घ्यावे. एकटा सदस्य मतदानात हरेल, ते समजू शकतो. तो गप्प बसला, तर मात्र जाब विचारलाच पाहिजे.

जय भीम.