हवामानाचा हिशेब आणि आपला बाजार

पाऊस लांबला की अकोला-अमरावतीच्या बाजारात कापूस उशिरा येतो आणि जिनिंगच्या हमालापासून गादीवाल्या पिंजाऱ्यापर्यंत सर्वांचा हंगाम हुकतो. म्हणून हवामानबदल हा केवळ परदेशातील परिषदांचा विषय आहे, असे आम्हांस वाटत नाही.

जागतिक बँकेने २०१८ साली ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आपल्या दोन्ही जिल्ह्यांत राबवला गेला. गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची संगणकीय पद्धत मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केली. ‘महावेध’ची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळनिहाय पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा मोजतात. ठिबक वा तुषार संचासाठी शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज करायचा, पूर्वसंमती मिळाल्यावर खरेदी करायची आणि तपासणीनंतर अनुदान थेट त्याच्या बँक खात्यात, अशी ही पद्धत.

येथेच दुकानदाराची कसोटी आहे. माल आधी जातो, अनुदान मागून येते. मधली उधारी बहुधा दुकानावर पडते. तेव्हा व्यापारी बांधवांनी पूर्वसंमती पाहूनच माल द्यावा, पक्के बिल करावे व उधारीची मुदत लिहून घ्यावी. आमच्या कारागीर तरुणांनीही संच जोडणी-दुरुस्ती शिकून घ्यावी. गावोगाव बसलेल्या संचांना हात लावणारा माणूस लागतोच.