माळ्यावरच्या पीसीची तिजोरी

जयपूरच्या जयंती मार्केटमध्ये घरच्या फाइली साठवायला नवी वस्तू शोधण्याआधी माळ्यावरचा जुना पीसी खाली काढा; त्याचीच तिजोरी होईल. ६४-बिट प्रोसेसर आणि १ जीबी रॅमवरही डेबियनवर बेतलेली, फुकट मिळणारी ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ ही फाइली साठवण्याची प्रणाली चालते. याच कामाच्या ‘ट्रूनॅस’ला मात्र ८ जीबी रॅम लागते. वायफायच्या नादी न लागता राउटरला केबलनेच जोडा. खरा शत्रू इथली हवा! मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे, त्यात आंधीची धूळ. बहुतेक हार्ड डिस्क ६० अंशांपर्यंतच तग धरतात, म्हणून पंख्यात अडकलेला धुळीचा थर ब्रशने झाडा आणि कॅबिनेट खिडकीपासून दूर ठेवा. ६० वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज खातं. आणि या तिजोरीत ठेवलेल्या लग्नाच्या फोटोंची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवाच.