दारात आलेलं पोर



आजचा विषय तसा पोरासोरांचा. पण थोरांनी कान देऊन ऐकावा असा. वर्षातल्या काही ठरलेल्या दिवशी गावची मुले टोळी करून दारोदार जातात, काही म्हणतात, काही मागतात, आणि घरातली माउली त्यांच्या झोळीत मूठभर काहीतरी टाकते. आपल्या धाराशिव जिल्ह्यात ही चाल किती रूपांनी होती, आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्यांत ती कशी पालटली, आणि तिच्यातले काय राखावे, काय टाकून द्यावे, याचा आज विचार करू.

सुरुवात पावसापासून करू, कारण आपला सारा मुलूख पावसाकडे डोळे लावून बसणारा. मृग कोरडा गेला, पेरणी खोळंबली, की मुलांची धोंडी निघे. एका पोराच्या अंगाभोवती कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, काठीला बेडूक बांधायचा आणि पावसाला हाका मारीत घरोघर जायचे. घरची बाई त्या पोराच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओती आणि झोळीत धान्य किंवा पीठ घाली. जमलेल्या शिध्याचे रांधून मुले एकत्र जेवत. यात बेडकाला मात्र फुकटची शिक्षा होई, हे आपण कबूल केले पाहिजे.

मग दसरा. त्या दिवशी मुले आपट्याची पाने, म्हणजे सोने, घेऊन निघतात, थोरांच्या हातावर ठेवतात, पाया पडतात. खाऊ किंवा नाणे मिळते. दिवाळीत गुराखी पोरे लव्हाळ्याची दिवटी करून गोठ्यागोठ्यांत गाई-म्हशी ओवाळीत. मालक दिवटीत तेल घाली, पोरांना फराळाचे किंवा चार पैसे देई. संक्रांतीला मुले तिळगुळाची डबी घेऊन घरोघर जातात. द्यायचा एक दाणा आणि घ्यायचाही एक दाणा. आणि शेवटी शिमगा. घरटी पाच गोवऱ्या मागायच्या. दिल्या तर ठीक. न दिल्या तर रात्रीतून उडवी हलकी झालीच म्हणून समजा. मोडकी बाज, जुने दार हेसुद्धा होळीत जाई. एकदा होळीवर चढलेली वस्तू परत मागायची नाही, असा दंडकच होता.

ही चाल जगात आपल्याकडेच आहे असे नाही, बरं का. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुले सोंगे घेऊन दारोदार जात, गाणे किंवा नक्कल करून फळे, नाणी मिळवीत. तिकडची माणसे अमेरिकेत गेली, तशी ती चालही गेली. तिथे विसाव्या शतकात तिला नवे रूप आले. मुले दार वाजवून गमतीने दम देतात, खाऊ देता, की खोडी काढू? दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशन झाले तेव्हा हा प्रकार मंदावला, पुढे पुन्हा वाढला. १९५० पासून तिथली काही मुले त्या रात्री खाऊबरोबर एक डबाही पुढे करतात. त्यात पडलेले पैसे युनिसेफमार्फत जगातल्या गरजू मुलांसाठी जातात. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतली पोरेही आता दसऱ्याचे सोने वाटतात आणि या दिवशी सोंगही घेतात.

ही तुलना एवढ्यासाठी केली, की आपल्या चालीचा विशेष त्यातून उठून दिसतो. शिमग्याची खोडी सोडली तर आपले पोर रिकाम्या हाताने दारात येत नव्हते. धोंडीत ते साऱ्या गावासाठी पाऊस मागे, दसऱ्याला पान देई, दिवाळीला दुसऱ्याच्या जनावरांसाठी उजेड आणी, संक्रांतीला तीळ देई. आधी द्यायचे आणि मग घ्यायचे, हा धडा त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवला नव्हता.

आता हे पालटले कशाने? पुष्कळदा आपण म्हणतो, हल्लीची पोरेच तशी. पोरांना बोल लावण्याआधी आपल्या घराकडे आणि शेताकडे पाहा.

आजोबांच्या काळी, म्हणजे हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, घरात जोंधळा असे. पेवात असे, कणगीत असे. दारात पोर आले की बाईचा हात आपोआप कणगीत जाई. आज आपल्या खरिपात सोयाबीनच सोयाबीन आहे. ते रानातून निघते आणि आडतीवर जाते. सोयाबीन काही मूठभर उचलून पोराच्या झोळीत घालता येत नाही. म्हणून घरात धान्याऐवजी पैसा आला, आणि मुठीऐवजी रुपया आला, किंवा दुकानातले चॉकलेट आले. मुठीचे जेवण दहा जण मिळून रांधतात. चॉकलेट ज्याचे तोच खातो. फरक एवढासा दिसतो. पण टोळीची पंगत त्यातच मोडली.

दुसरे कारण गोठ्याचे. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. गॅसची शेगडी आली. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर ती गरिबाघरीही पोचली. धुरातून बाईचे डोळे सुटले, ही मोठीच चांगली गोष्ट. पण गोठा ओस पडला तिथे दिवटी कोणाला ओवाळणार, आणि पाच गोवऱ्या कोण देणार?

तिसरे कारण पाण्याचे. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पोराच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचे म्हणजे काळजावर दगड ठेवावा लागतो.

चौथे कारण घरांचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि उमरगा-लोहारा भागातली कितीतरी गावे उठून नव्या जागी बसली. नवी घरे पक्की झाली, रस्ते रुंद झाले. पण भिंतीला भिंत लागून असलेली जुनी गल्ली गेली. दार दारापासून लांब गेले. आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे काय? त्यांच्या दाराला कुलूप असते. त्यांच्या पोरांची संक्रांत फडावरच्या खोपीत होते. गावातल्या टोळीत त्यांची जागा रिकामी राहते.

आणि पाचवे कारण आपण थोरांनीच आणले. मुलांच्या झोळीच्या जागी पावतीपुस्तक आले. वर्गणीचा आकडा देणाऱ्याने ठरवायचा नाही, मागणाऱ्याने सांगायचा! मूठ खुशीने सुटते. पावती फाडावी लागते.

मात्र मंडळी, जुने सारे सोने होते असे म्हणू नका. मागण्याचे दोन प्रकार आहेत. आपल्या तुळजापुरात भवानीचा भक्त, मग तो श्रीमंत असो की गरीब, पाच घरी जोगवा मागतो. त्यात कमीपणा नाही. उलट मीपणा उतरावा म्हणूनच तो मागतो. पण याच मुलखात काही माणसांना जातीमुळे मागावे लागे. वतनाच्या नावाखाली गावची पडेल ती कामे करायची आणि दारोदार भाकरी गोळा करायची, तीही उंबऱ्याबाहेर उभे राहून. त्यांची लेकरेही बरोबर असत. ते मागणे खेळ नव्हते, सणही नव्हते; ते जोखड होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, आणि १९४१ साली आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळे येथे, महार-मांग वतनदार परिषद त्यांच्या उपस्थितीत झाली. वतनाची भाकरी सोडा, हे त्यांचे सांगणे या मातीने ऐकलेले आहे.

म्हणून कसोटी सोपी आहे. गावचे प्रत्येक पोर मागते आणि गावचे प्रत्येक दार उघडते, तेव्हा ती चाल सुंदर असते. काहींनीच मागायचे आणि काहींच्या दारात जायचेच नाही, असे झाले की तिचा विटाळ होतो. ती मोडलेलीच बरी.

शिक्षक बंधू-भगिनींनो, इथे तुमची मदत हवी. एक छोटासा उपक्रम करून पाहा. वर्गाला गावाचा नकाशा काढायला सांगा. येत्या दसऱ्याला किंवा संक्रांतीला मुले ज्या ज्या दारात गेली, तिथे त्यांनी टिंब द्यावे. मग सगळ्यांनी मिळून नकाशा पाहावा. कोणती वस्ती कोरी राहिली? कोणते घर कुलूपबंद, आणि त्या घरातले पोर कुठे आहे? पुढच्या वेळी टोळीची पहिली पावले त्या कोऱ्या जागेकडे वळू द्या. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी तिळगूळ राखून ठेवला, तर संक्रांत उशिरा आली म्हणून कोणी रागावणार नाही.

आणखी दोन गोष्टी. धोंडी काढायची तर बेडकाला मोकळे सोडा. पिकावरचे किडे खाणारा तो शेतकऱ्याचा सोबती आहे. पाणी तांब्याऐवजी ओंजळभर पुरे, आणि तेही एखाद्या रोपाच्या आळ्यात जाईल असे पाहा. दसऱ्याला आपट्याची फांदी ओरबाडू नका. एका घरी एकच पान द्या, आणि शाळेच्या कुंपणाशी आपट्याचे एक झाड लावा.

आणि घरच्या आयाबायांना एवढेच सांगणे. सणाच्या दिवशी दारात पोर आले की आधी त्याला नाव विचारा, कोणाचा तू, कोणाची तू, म्हणून विचारा, आणि मग खाऊ द्या. खाऊ काय, घटकेत संपतो. पण गावातल्या शंभर दारांत जे पोर नावाने ओळखले जाते, ते अडीअडचणीत कोणतेही दार वाजवू शकते. एवढी शिदोरी त्याला आपण द्यायलाच हवी.