बिनटाकीचे ऊन पाणी

इंग्लंडातील पुष्कळ घरांत आज 'कॉम्बी बॉयलर' नावाचे यंत्र आढळते. स्वयंपाकघरातील भिंतीवर टांगलेली, कपाटाएवढी ही पेटी ज्वलनवायूवर चालते; घरही गरम ठेवते आणि नळाला ऊन पाणीही पुरविते. हे पाणी संसाराला पुरते काय, असा प्रश्न तिकडे नव्याने घर मांडणाऱ्या आपल्याकडील मंडळींना हटकून पडतो. परंतु 'पुरणे' या शब्दाचे येथे दोन अर्थ होतात. पाणी मध्येच संपू नये हा एक, आणि धार बारीक होऊ नये हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच कोणी या यंत्राची स्तुती करतो, तर कोणी त्याला नावे ठेवतो.

आपला जुना तांब्याचा बंब आठवावा. पहिल्याने हात सैल सोडून स्नान केले, की शेवटच्याच्या वाट्याला कोमट पाणी येई. इंग्लंडातील जुनी रीतही तत्त्वतः हीच होती. कपाटात तांब्याची टाकी असे, आणि बॉयलर ती तापवीत असे. कॉम्बीमध्ये बहुधा टाकीच नसते. नळ उघडताच आतील झडप फिरते, घर गरम करणारे पाणी पातळ पत्र्यांच्या एका छोट्या जुडीकडे वळते, आणि पत्र्यांच्या दुसऱ्या अंगाने जाणारे नळाचे थंड पाणी जाता जाता तापते. तेव्हा पाणी संपण्याचा प्रश्नच उरत नाही. तासभर नळ सोडला तरी ते ऊनच येईल. मात्र दर मिनिटाला मिळणारी उष्णता ठरलेली असते.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअस तापविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. २४ किलोवॅटचे यंत्र मिनिटाला १४४० किलोज्यूल देते. हिवाळ्यात नळाचे पाणी ६ अंशांवर आले आणि स्नानाला ४० अंशांचे हवे असले, तर ३४ अंशांची चढ झाली. म्हणजे मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी मिळेल. उन्हाळ्यात तेच पाणी १८ अंशांवर आले, तर १५ लिटरांहूनही अधिक. यंत्र तेच, पण ऐन थंडीत त्याचा हात आखडता होतो.

१० लिटरांत एका माणसाचे फवाऱ्याखालचे स्नान उत्तम होते. (बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्यास तर ही चैनच वाटेल!) परंतु त्याच वेळी दुसऱ्या न्हाणीघरात कोणी शिरले, की दोघांच्याही वाट्याला निम्मीच धार येते. ३५ किलोवॅटचे यंत्र घेतले, तरी हिवाळ्यात १५ लिटरांच्या आतच राहावे लागते. याउलट ६० अंशांवर तापविलेली १५० लिटरांची टाकी थंड पाणी मिसळून दोघांना एकाच वेळी दहा मिनिटे सहज न्हाऊ घालते. मात्र नंतर ती तापेपर्यंत तिसऱ्याला थांबावे लागते. शिवाय यंत्र पाणी तापविते, ते निर्माण करीत नाही. रस्त्यावरून घरात येणारी नळीच बारीक असेल, तर मोठे यंत्र घेऊन पदरात काही पडत नाही. लंडनकडचे पाणी जड. त्याचा क्षार पत्र्यांच्या फटींत बसला की धार ऊन राहत नाही, ही आणखी एक पीडा.

आमच्या मते एक न्हाणीघर आणि दोन-तीन माणसे एवढ्या संसाराला कॉम्बी निःसंशय पुरते. दोन न्हाणीघरे आणि सकाळी सर्वांना एकदमच घाई, अशा घरी टाकीच बरी.

मात्र टाकी काढून टाकण्यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. तेथील बऱ्याच घरांना ऊबेसाठी १० किलोवॅटही लागत नाहीत. २४ किंवा ३० किलोवॅटचे यंत्र घ्यावे लागते ते केवळ नळाच्या पाण्यासाठी. आता ज्वलनवायू सोडून विजेवरील उष्मापंप बसवावेत, असे तेथील सरकारचे धोरण आहे. घरगुती उष्मापंपाची शक्ती साधारणतः ५ ते १२ किलोवॅट. एवढ्यावर पाणी धावते तापविणे शक्य नाही. ते सावकाश तापवून साठवावेच लागते. म्हणून ज्या कपाटातली तांब्याची टाकी एकदा मोडीत घातली, आणि जेथे आता चादरी-टॉवेल रचलेले असतात, ते कपाट पुन्हा रिकामे करण्याची पाळी अनेक घरांवर येणार आहे.